गोठा वाचवणारा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. अंगावर पोचे, झाकणाची कडी तुटलेली. पण मित्रांनो, माझी ऐट अजून गेलेली नाही. का, ते ऐका.

कारखान्यात मला काचेचे दुहेरी पोट मिळाले. दोन भिंतींमधली हवा काढलेली, म्हणून आतली ऊब आतच राहते. पुढे मी एका गोठ्यात आलो. मालकीणबाई पहाटे धारा काढत, तेव्हा त्यांचा चहा मी सांभाळी. एकदा ठमी गाईने मला लाथ मारली, तरी माझी काच शाबूत राहिली. बाईंनी केवढे कौतुक केले! मग स्टीलचा चकचकीत थर्मास आला आणि मी चाऱ्याच्या खोलीत जाऊन पडलो.

त्याच सुमारास गोठ्यावर संकट आले. गाई फळत, पण गर्भ टिकत नसे. त्या पुन्हा माजावर येत. वासरू नाही, म्हणून दूध नाही.

"वहिनी, भाकड गाई पोसायला धर्मशाळा काढलीय का तुम्ही?" बाईंचे दीर म्हणाले. "विकून मोकळ्या व्हा. पहिली ती ठमी!"

"आणि तुमचा सरदार, भाऊजी?" सरदार हा त्यांचा वळू. सगळ्या गाई त्याच्याकडेच जात.

"त्याला काय धाड भरलीय? बघा, कसा तुकतुकीत आहे!"

"तुकतुकीत आहे म्हणूनच कुणी तपासला नाही," ठमीला बघायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना एका सूक्ष्म परजीवीचा संशय होता. तो समागमातून वळूकडून गाईकडे आणि गाईकडून वळूकडे जातो. वळूला काही त्रास होत नाही. गाईचा गर्भ मात्र जातो.

त्यांनी सरदाराच्या जननेंद्रियावरचे कातडीचे आवरण आतून धुऊन ते पाणी बाटलीत घेतले आणि प्रयोगशाळेत पोचवायला सांगितले. पण ही पडली दुधाची माणसे! बाटली दिसली की बर्फात ठेवायची. नमुनाही बर्फातूनच गेला. तपासणीत काही सापडले नाही. भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला आणि व्यापाऱ्याला निरोप धाडला.

डॉक्टरीणबाई हिरमुसून आल्या. नव्या थर्मासात चहा लवकर गार होई, म्हणून बाईंनी त्या दिवशी मला काढले होते. पहिल्याच घोटाला डॉक्टरीणबाईंची जीभ पोळली.

"कधीचा हो हा चहा?"

"पहाटेचा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "परवाची बाटली कशी नेलीत?"

"बर्फात घालून. नासू नये म्हणून!"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, थंडीत ते जीव निपचित पडतात, मरतात. हलताना दिसले तर ओळखू येणार ना! चुकलं माझंच, सांगायला हवं होतं."

मला घासूनपुसून कोमट पाणी भरले आणि नव्या नमुन्याची बंद नळी त्यात सोडली. खडबडीत रस्त्यावर बाईंच्या मांडीवर बसून मी ऊब धरून ठेवली. भाऊजीही आले, खात्री करायला.

"घ्या, तुम्हीच बघा," प्रयोगशाळेत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाऊजी सूक्ष्मदर्शकावर वाकले. "अरेच्चा! हे तर वळवळतंय! शेपट्या आहेत की याला!"

जिंकलो! ठमी वाचली!

परतताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणसांतही याचा एक भाऊबंद असतो. त्यानं मूल राहायला अडचण येऊ शकते. औषध आहे, पण नवरा-बायको दोघांनी घ्यायचं. एकटीलाच दिलं तर दुखणं पुन्हा उलटतं. आणि बोल मात्र तिलाच लागतो."

बाईंनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजी खिडकीबाहेर पाहू लागले.

सरदार कायमचा वेगळा बांधला. गाईंना काही महिने वळूपासून दूर ठेवले. त्या विसाव्यानेच बऱ्या झाल्या. मग तपासलेला तरणा वळू आला आणि यथावकाश ठमीला कालवड झाली! भाऊजींनी पहिला कप वहिनींना दिला. चहा नव्या थर्मासातला होता, अर्थात कोमट.

माझ्यात आता चहा भरत नाहीत. मी प्रयोगशाळेच्या फळीवर असतो, नमुने आणायला. मित्रांनो, माझे बूच नीट लावा आणि मला आपटू नका. आणि घर असो वा गोठा, एकीला बोल लावण्याआधी दोघांनाही तपासा. लाजेपायी दुखणे बर्फात ठेवू नका.