टाचणीची बाजू

गाडी दिसायच्या आधी तिची घरघर गल्लीच्या तोंडापासून ऐकू आली. मी हातातला पाना खाली ठेवला.

"किती दिवस ओरडतेय ही?" लेक उतरल्याउतरल्या मी विचारलं.

"दोन महिने. मी रेडिओ मोठा लावते."

"दात दुखला की गाणी म्हणतेस का?"

ती हसली. दीड वर्षानं आली होती, तीही एका रात्रीपुरती. परवा सकाळी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि ते शहर इथून सात तासांवर. उद्या पहाटे निघणार होती.

तिला गाडी चालवायला सांगून मी शेजारी बसलो. वेग वाढला की घरघर वाढे. उजवीकडे वळलं की चढे, डावीकडे वळलं की उतरे. वळताना गाडीचं वजन बाहेरच्या बाजूवर पडतं, म्हणून उजव्या वळणावर ओरडणारं चाक डावं. गॅरेजात आणून गाडी उचलली, एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्यानं चाक फिरवलं. तळहाताला वाळू दळल्यासारखं लागलं. बेअरिंग झिजलं होतं. त्यामुळे चाक डगमगून ब्रेकचा सेन्सरही घासला गेला होता. चाक किती वेगानं फिरतंय ते हा सेन्सर मोजतो. तो बिघडला म्हणूनच स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला होता.

असली कामं पूर्वी आम्ही दोघं करायचो. म्हणजे मी करायचो आणि तिची आई दारात येऊन एकच प्रश्न विचारायची, "टाचणी लावून बघितली?"

नवं बेअरिंग दोन्हीकडून सारखंच दिसतं. पण एका बाजूच्या काळ्या कड्यात चुंबक असतं, आणि सेन्सरला तेच दिसावं लागतं. टाचणी जिथे चिकटेल ती बाजू आत. बायको शिवणकाम करायची, टाचण्या ओठांत धरूनच बोलायची. मी वैतागून म्हणायचो, "बघितली, बाई." बऱ्याचदा बघितलेली नसायची. तिची पाठ वळली की हळूच बघायचो.

या वेळी दारात कुणी नव्हतं. लेक वरच्या खोलीत आईचं कपाट आवरत होती. मी बेअरिंग प्रेसखाली दाबून बसवलं, नवा सेन्सर लावला, चाक चढवलं, एक फेरी मारून आलो. घरघर गेली होती. पिवळा दिवा तसाच होता.

तार तपासली, जोड तपासला. मग लक्षात आलं, आणि मी टायरवरच बसलो. बेअरिंग उलटं बसवलं होतं. दाबून बसवलेलं बेअरिंग दाबूनच काढावं लागतं, आणि काढताना ते कामातून जातं. दुसरं उद्या दहाला मिळणार होतं.

लेक खाली आली. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे तिरकं बघत म्हणाली, "खरं सांगा बाबा. मला ठेवून घ्यायला केलंत ना? मी शाळा बुडवायला बूट लपवायचे, तसं?"

ती चिडली नव्हती. उलट जरा सुखावलीच होती. हो म्हटलं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. लबाड बाप लेकीला चालतो, विसरणारा चालत नाही. गॅरेज बंद करा म्हणून मागच्या खेपेला तिनं तासभर माझी समजूत घातली होती. ते बंद झालं तर सकाळी शटर वर करायचंही कारण उरणार नव्हतं. पण उद्या या चाकाच्या भरवशावर तीच जाणार होती, आणि मी पुन्हा विसरलो तर विचारणारं कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "विसरलो. टाचणी लावायची राहिली."

तिचं हसू ओसरलं.

"आई असती तर…"

"विचारलं असतं तिनं."

सकाळी दहाला मी नवं बेअरिंग घेऊन आलो. लेक दारात उभी होती. हातात आईची टाचण्यांची उशी.

"टाचणी लावून बघितली?"

"तूच बघ."

एका बाजूवरून टाचणी घसरून खाली पडली. दुसऱ्या बाजूला टेकली आणि तिथेच राहिली.

"ही आत?"

"ही आत."

दुपारी फेरी मारली तेव्हा दिवा विझलेला होता. बॅग गाडीत टाकताना ती म्हणाली, "ब्रेकची कामं आता एकट्यानं घ्यायची नाहीत, बाबा."

"बरं."

"बरं म्हणजे 'बघितली, बाई' असलं बरं?"

"नाही गं. बरं म्हणजे बरं."

उशी तिनं माझ्या हत्यारांच्या फळीवर ठेवली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि ऐकू यायची थांबली. गल्लीच्या तोंडाशी कधी पोचली, कधी वळली, काही कळलं नाही. काम चोख झालं होतं.

चारच्या सुमाराला एक टॅक्सीवाला ब्रेक दाखवायला आला.

"आज नाही जमणार," मी म्हणालो.

"मग उद्या येऊ?"

मी दाराकडे बघितलं.

"पुढच्या चौकात एक जण आहे," मी म्हणालो. "त्याच्याकडे माणसं आहेत."