नागपूरला निघालेली काळी-पिवळी

मित्रांनो, उमरखेडला जफर मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्याच्या आवारात कडुनिंबाखाली एक जुनी काळी-पिवळी जीप उभी दिसते, ती मी. माझा पिवळा टप उन्हाने पार फिकट झाला आहे. शाळा सुटली की मुलं माझ्या सीटवर चढतात, स्टिअरिंग फिरवतात, तोंडाने हॉर्न वाजवतात. मला ते आवडतं. पण त्यांच्यापैकी कुणी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला, की आजही माझ्या अंगाचं पाणी होतं. असं का होतं, ते तुम्हाला सांगते.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा कोरी करकरीत आणि नुसतीच पांढरी होते. उमरखेडच्या नागोरावांनी मला आणलं, काळा-पिवळा रंग दिला आणि महागावच्या रस्त्यावर सवारीला लावलं. जागा नऊ जणांची, पण मी सोळा-सोळा माणसं वाहिली. बाजाराला निघालेल्या बाया, परीक्षेला निघालेल्या मुली, टपावर सरकी-ढेपेची पोती. "नागोरावची गाडी दगा नाही देत," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचे. पुढे माझं वय झालं, सवारीचा परवाना संपला आणि जफर मिस्त्रींनी मला घेतलं.

मिस्त्रींचा हात फार चांगला. पण ज्या साली गुलाबी बोंडअळीने सगळा कापूस आतून खाल्ला, त्या साली त्यांना उसंत नव्हती. लोक पुन्हा पुन्हा फवारणी करत होते, पंप बिघडत होते आणि गॅरेजपुढे पंपांची रास लागत होती. त्या गडबडीत माझ्या मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजला. त्यातून थेंब थेंब तेल पाझरू लागलं. मिस्त्रींनी एकदा वाकून पाहिलं, बोट लावलं, वास घेतला. "उद्या बदलतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप आले.

मिस्त्रींची मुलगी गझाला. तिने माझ्यावरच गाडी शिकून परवाना काढला होता. सलोनी आणि नाजिया या तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. गॅरेजमध्ये सतत पुरुषांची वर्दळ, म्हणून तिघी माझ्या मागच्या सीटवर बसून गप्पा मारायच्या. सलोनीचं लग्न ठरलं होतं. पण कापूस गेला होता, म्हणून तिचे वडील बबनराव यांनी सगळं एका दिवसात उरकायचं ठरवलं होतं. हळदीचा कार्यक्रम नाही, मेंदी नाही.

"मुंबईच्या पोरी लग्नाआधी मैत्रिणीसंग गोव्याले जातात," नाजिया म्हणाली. "ब्याचलर पार्टी म्हनतात त्याले."

"माह्या बाबाले गोवा सांगतलं, त ते उद्याच लगीन लावून देतीन," सलोनी हसत म्हणाली.

गझालाने वही काढली. "गोवा कायले पाह्यजे? नागपूरले जाऊ. शनिवार-इतवार. नाजियाच्या खालाचं घर हाय मोमिनपुऱ्यात, तिथं झोपू. दशम्या, चटण्या घरून नेऊ. गाडी अब्बाची, चालवनारी मी. बोला, काय काय पाहाचं?"

मग वहीत एकेक ओळ उमटत गेली. संध्याकाळी फुटाळा तलाव. सीताबर्डीवर बांगड्या. सकाळी तर्रीचे पोहे. नाजियाने हॉटेलात जेवायचं सुचवलं, तर गझालाने ते लिहून पुन्हा खोडलं. महिनाभर त्या तिघींच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. बबनरावांनी एकच अट घातली: त्यांची मोठी बहीण विमलताई सोबत जाईल. विमलताईंनी कधी यवतमाळच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी लगेच नवं लुगडं काढून उशाशी ठेवलं म्हणे.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मिस्त्रींना महागावला एका ट्रॅक्टरच्या कामासाठी जावं लागलं. निघताना ते गझालाला म्हणाले, "सकाळी मी येतो, पाइप बदलतो. मंग काढ गाडी. त्याच्या आधी हात लावू नको, बेटा."

सकाळी त्यांचा फोन आला. ट्रॅक्टरचं काम लांबलं होतं, दुपार होणार होती. गझाला फोन हातात धरून माझ्याजवळ उभी राहिली. तेवढ्यात फटफटीवर सलोनीला घेऊन बबनराव आले. मागून नाजिया आणि विमलताई आल्या, विमलताईंच्या हातात दशम्यांचा डबा.

बबनराव माझ्याभोवती एक फेरी मारून आले. "गाडी बराबर हाय ना, पोरी? मिस्त्रीनं पाहिली?"

लग्न बारा दिवसांवर होतं. दुसरा शनिवार मिळणार नव्हता. खरं सांगितलं तर ते मुलीला घेऊन परत जातील, हे गझालाला कळत होतं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हो काका. अब्बानं कालच पाहिली."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी ओरडले असते. पण किल्ली फिरली आणि माझं इंजिन नेहमीसारखं सुरू झालं. आमच्यासारख्यांना नाही म्हणता येत नाही.

रस्त्यावर सलोनी पुढे बसली होती, मागे नाजिया आणि विमलताई. नाजिया गाणी म्हणत होती. मी मात्र प्रत्येक ब्रेकला आतून कापत होते. पेडल दाबलं की पाइपमधून तेलाची बारीक धार सुटत होती आणि ती मला अंगावर जाणवत होती. महागाव आलं तेव्हा विमलताई म्हणाल्या, "च्या घेऊ ना वं इथं."

"पुढं चांगला भेटते, आत्या," गझाला म्हणाली. अब्बा याच गावात कुठेतरी होते. तिने ओढणी कपाळावर ओढून घेतली आणि गाव ओलांडेपर्यंत आजूबाजूला पाहिलं नाही. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागत होता.

आर्णीला चहासाठी थांबल्यावर ती एकटीच मागे आली आणि वाकली. चाक ओलं होतं. तिने सोबतच्या बाटलीतलं उरलंसुरलं ब्रेकचं तेल ब्रेकच्या डबीत ओतलं आणि झाकण घट्ट केलं. 

"काय झालं?" नाजियाने विचारलं.

"काही नाही. हवा पाहून राह्यली."

इथेच थांबू, परत फिरू, असं तिच्या मनात आलं असणार. कारण ती किल्ली न फिरवता बराच वेळ बसून राहिली. मग सलोनीने मागे वळून आत्याला विचारलं, "फुटाळ्यावर मावा कुल्फी खाशील ना वं?" आणि गझालाने गाडी सुरू केली.

आर्णीच्या पुढे रस्ता एक टेकडी चढतो आणि पलीकडे लांबलचक उतरतो. माथ्यावरून खालचं सगळं दिसत होतं. उताराच्या पायथ्याशी एक एसटी थांबली होती. माणसं उतरत होती. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या कडेवर मूल.

गझालाने ब्रेक दाबला. पेडल थेट खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

तिने पुन्हा दाबला. पुन्हा. पाइप फुटला होता. माझ्यात रोखण्याची काही ताकद उरली नव्हती आणि माझं स्वतःचं वजन मला खाली ओढत होतं. इतकी वर्षं लोकांना पोचवणारी मी, आता त्या बोचकं घेतलेल्या बाईच्या अंगावर जाणार होते. हँडब्रेकची तार तर कधीचीच सैल पडली होती. गझालाने तो दोन्ही हातांनी ओढला, नुसताच करकरला.

"गझाला, हळू ना!" सलोनी म्हणाली. मग तिने गझालाचा चेहरा पाहिला. "गझाला?"

"धरून बसा! आत्या, खाली वाका!"

तिने तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. माझं इंजिन किंचाळलं. वेग थोडा कमी झाला, पण पुरेसा नाही. एसटी जवळ आली. कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं, माणसं सैरावैरा पळाली. एक बाई मात्र मुलाला घेऊन जागच्या जागी खिळून राहिली.

डाव्या बाजूला कापसाचं शेत होतं. बोंडअळीने खाल्लेलं, वेचणी सोडून दिलेलं, छातीएवढी पऱ्हाटी तशीच उभी. गझालाने स्टिअरिंग डावीकडे पिळलं. मी रस्त्यावरून उडाले, शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडला आणि पऱ्हाटीत शिरले. वाळलेल्या काड्या कडाकड मोडत माझ्या पोटाखाली गेल्या, बोनेटवर आल्या, काचेवर आपटल्या. काळ्या मातीत चाकं रुतत गेली. एक हिसका बसला आणि मी थांबले.

 मला फक्त चौघींचे श्वास ऐकायचे होते. एक ऐकला. दुसरा. तिसरा. मग विमलताईंचा हुंदका, "अवं माय!"

सलोनीचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं होतं. डोळ्याच्या वर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं आणि त्यातून रक्त येत होतं. नवरीचं कपाळ! नाजियाने आपली ओढणी तिच्या कपाळाला लावली.

शेताचा मालक लखीराम जवळच्या बंजारा तांड्यावरून धावत आला. त्याने आधी विमलताईंना हाताला धरून उतरवलं, धुऱ्यावर बसवलं आणि आपला पाण्याचा डबा पुढे केला. "पी, याडी. भिऊ नको." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"तुही पऱ्हाटी मोडली रे बाबा," विमलताई रडत म्हणाल्या.

"अळीनं कवाच मोडली होती. ट्रॅक्टर घालनारच होतो. उभी होती म्हनून तुमी वाचले."

तेव्हा गझाला बोलली. ती अजून माझ्या दाराला धरून उभी होती. "अब्बानं गाडी पाहिली नव्हती. हात लावू नको म्हने. मी काकाले खोटं सांगतलं. आर्णीले मले तेल गळताना दिसलं, तरी मी बोलली नाही."

सलोनीने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्या दोघींना एकमेकींकडे पाहताना पाहिलं होतं, पण ती नजर नवीन होती. सलोनी शिवी देत नव्हती, रडतही नव्हती. एसटीचा कंडक्टर शेतात आला होता. तो म्हणाला, "ताई, यवतमाळले डॉक्टरले दाखवा, चला." सलोनी उठली आणि त्याच्यामागे चालू लागली. नाजियाने विचारलं, "आनं गझाला?" सलोनी थांबली नाही. विमलताईंनी जाता जाता गझालाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याही बसकडे निघाल्या.

बस गेली. गझालाने अब्बांना फोन केला, जे झालं ते सांगितलं आणि माझ्या चाकाला पाठ लावून मातीत बसली.   लखीराम थोडा दूर, धुऱ्यावर बसून राहिला. पोरगी एकटी नको, म्हणून.

मिस्त्री कुणाचीतरी फटफटी घेऊन आले. मला वाटलं, आता ते हात उगारतील. गझालालाही तेच वाटलं असावं, तिने डोळे मिटून घेतले. पण त्यांनी आधी तिचे हात चाचपले, मनगटं पाहिली, मान वळवून पाहिली. मग ते माझ्याखाली सरकले. फुटलेला पाइप त्यांच्या बोटांना लागला आणि ते तिथेच, माझ्याखाली, बराच वेळ पडून राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"तू खोटं बोलली," ते म्हणाले. "थे मी विसरनार नाही. पन हा पाइप मी दोन महिन्यांपासून पाहून राह्यलो, बेटा. लोकांचे पंप केले आनं माह्या पोरीच्या गाडीले उद्या म्हनलं. बबनभाऊपाशी मी येतो तुह्यासंग. दोघं बी सांगू."

तेवढ्यात गझालाचा फोन वाजला. पलीकडे सलोनी होती. फोनचा आवाज इतका मोठा होता की मलाही सगळं ऐकू आलं.

"डॉक्टरनं पट्टी लावली. टाका नाही पडला."

"सलोनी, मी..."

"चूप राह्य. मले राग हाय तुह्यावर. लय राग हाय. हा राग लग्नात बी राहीन. त्याच्या मंग बी राहीन." तिच्या मागून बसस्टँडचा गोंगाट ऐकू येत होता. "आमी यवतमाळच्या स्टँडवर बसलो हाओ. आत्या म्हनते, पोरगी आल्याबिगर नागपूरच्या बसमंधी चढत नाही. मी बी नाही चढत. ये लवकर."

मिस्त्रींनी तिला रस्त्यापर्यंत नेलं आणि हात दाखवून एसटी थांबवली. मी तिथेच पऱ्हाटीत रुतलेली, तिची बस यवतमाळच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. नागपूर मी कधी पाहिलं नाही. त्या दोन दिवसांत तिथे काय झालं, ते त्या चौघींनाच ठाऊक. एवढं कळलं, की परतल्यावर बाप-लेकीने बबनरावांना सगळं खरं सांगितलं, सलोनी बोहल्यावर उभी राहिली तेव्हा जखमेची खूण दिसत होती, आणि तिला हाताला धरून मांडवात आणणारी गझालाच होती.

मला ट्रॅक्टरने ओढून परत आणलं. नवा पाइप बसला, पण माझी चेसीस वाकली होती, म्हणून मला पुन्हा रस्त्यावर काढलं नाही. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, फटफटी असेल, ट्रॅक्टर असेल. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त गळतो, करकरतो, ओलं होऊन दाखवतो. कधीतरी वाकून पाहा आणि दिसलं तर उद्यावर टाकू नका. आणि तुमच्या हातून काही चुकलं असेल, तर ते निघायच्या आधी सांगून टाका, मग समोरचा रागावला तरी चालेल. उतार लागल्यावर सांगायला वेळ उरतोच असं नाही. आम्हाला तो उरला. तो सगळ्यांना उरत नाही.