म्हाताऱ्याची फेरी

वस्ती कसली, चाकं काढलेले जुने मालडबे! रूळ टाकायला आलेल्या पहिल्या कुटुंबांना साहेबांनी सांगितलं होतं, पावसाळ्याआधी पक्की घरं देतो. कुठला पावसाळा, हे मात्र सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसून साहेब गेले, आणि माणसांनी डब्यांनाच खिडक्या पाडल्या, चुली मांडल्या, तिथेच पोरांची लग्नंसुद्धा लावली.

वस्तीतला पहिला मृत्यू चावीवाल्याचा. रुळांच्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, हे त्याचं काम. खिंडीत दरड कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. पण त्याचा ठोका काही गेला नाही. अधूनमधून दिवेलागणीला रूळ वाजायचा, एक ठोका जोरात, एक हलका. हीच त्याची जुनी पद्धत. आवाज खिंडीकडून यायचा, डब्यांवरून पुढे जायचा आणि विरून जायचा.

"मेला तरी सुट्टी घेईना," असं लोक म्हणायचे खरे, पण हळू आवाजात. आणि ठोके ऐकू आले की फेरी संपेपर्यंत कुणी रुळांवर पाऊल टाकत नसे. त्याच्या कामात आडवं जायचं नाही, हा वस्तीचा नेम होता.

चावीवाल्याचा मुलगाही चावीवालाच झाला. त्याचं लग्न झालं, सून डब्यात आली. आधी ती या नेमाला हसली, मग एका संध्याकाळी तिने तो ठोका स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तिचं हसू आटलं. सासूबाई मात्र तो आवाज आला की केस नीट करायच्या. तेवढ्यापुरत्या त्या विधवा नसायच्या.

पुढे एक दिवस नवरा कामावरून वेळेवर आला नाही. सुनेने कंदील पुसला, पेटवला, दारात टांगला. तेवढ्यात रूळ वाजला. एक जोरात, एक हलका.

"आले बघ," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात केसांकडे गेला.

"आई, हे अजून आले नाहीत. मी खिंडीपर्यंत जाऊन बघते."

"आत्ता? ठोके चालू असताना? खुळी का काय तू! त्यांची फेरी होऊ दे. तोही तिकडे थांबला असेल, बापाला वाट देऊन."

बोलणं पटण्यासारखं होतं. सून दारात उभी राहिली. ठोके येत होते, पण आज त्यांत काहीतरी चुकत होतं. कंदिलाची वात वर करता करता ते तिच्या लक्षात आलं.

"आई, आवाज जागचा हलत नाहीये."

"हलेल गं. त्यांचंही वय झालं की आता."

शेजारच्या डब्यातून टोळीचा मुकादम हसला. एरवी सूनही हसली असती. तिने पाऊल बाहेर टाकलं, आणि मुकादमाने हसू आवरून दरडावलं, "सूनबाई, नेम मोडू नका. सगळ्या वस्तीवर येईल." सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे नुसतं बोटांनी, झटकलं असतं तर सहज सुटलं असतं. तिने झटकलं नाही. पुढे आयुष्यभर तिला त्या पकडीचा नाही, आपल्या न झटकण्याचा राग येत राहिला.

ठोके बराच वेळ चालले. मग हलके ठोके बंद झाले, नुसते जोराचे उरले. मग तेही थांबले. "झाली फेरी," सासूबाई म्हणाल्या. पण तोवर बाहेर मिट्ट काळोख झाला होता आणि खिंडीतून दगड घसरल्याचा आवाज आला. मुकादमाने उजाडेपर्यंत कुणालाच जाऊ दिलं नाही.

सकाळी तो सापडला. कमरेपर्यंत दरडीखाली, उजवा हात चिरडलेला, डाव्या हातात हातोडा. डाव्या हाताने सारखा जोर लागत नव्हता, म्हणून एक ठोका जोराचा, एक हलका. रुळावर एकाच जागी ठोकून ठोकून लोखंड चकाकत होतं. मुकादमाने त्याच्या मानेला हात लावला. अंग अजून कोमट होतं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी सुनेचं तेच मनगट पुन्हा धरलं, आणि या वेळी इतकं घट्ट की काचेच्या बांगड्या फुटल्या. "तू जात होतीस," एवढंच त्या म्हणाल्या. "पोरी, तू जात होतीस."

तेव्हापासून वस्तीचा नेम बदलला. आजही दिवेलागणीला कधी रूळ वाजतो. बापाचा ठोका की लेकाचा, ते कुणी विचारत बसत नाही. चुलीवरचं तसंच टाकून, कंदील घेऊन अख्खी वस्ती खिंडीकडे धावत सुटते. तिथे कुणीच नसतं. तरी सगळे दगड चाचपून बघतात, हाका मारतात, मग मुकाट्याने परततात. सून सगळ्यांत शेवटी परतते.