दरबारातला पाट

मित्रांनो, पाट म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. जेवताना मांडी घालून बसायचं, जमिनीपासून चार बोटं उंच असं लाकडी आसन म्हणजे पाट. मी असाच एक जुना पाट आहे, आणि युरोपातल्या राजांची सत्ता कशी चालायची हे मी अमेरिकेतल्या एका वर्गात स्वतः अनुभवलं आहे. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

चिपळूणच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं आणि चारही कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकली. त्या घरात माझा रुबाब होता. वाढदिवसाचं औक्षण असो की जावयाचं जेवण, मला मांडून भोवती रांगोळी काढल्याशिवाय कशालाच सुरुवात होत नसे. पुढे १९८२ साली घरची मुलगी वसुधा इतिहासात पीएच.डी. करायला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी निघाली. तेव्हा तिच्या आईने लोणच्याच्या दोन बरण्या बाहेर काढून मला बॅगेत कोंबलं. एकटी असलीस तरी वाढदिवसाला पाटावर बस, असं तिने लेकीला बजावलं.

इथे मात्र माझी रवानगी कोपऱ्यात झाली. वसुधा आणि तिची मैत्रीण लता एका अपार्टमेंटमध्ये राहत. माझ्यावर आधी टेलिफोन आला, मग त्याची जाडजूड डिरेक्टरी आली. लता केमिकल इंजिनिअरिंगची, हुशार मुलगी, पण वरच्या फळीवरचा डाळीचा डबा हवा असला की टेलिफोन बाजूला ठेवून चक्क चपलांसकट माझ्यावर चढायची. मला राग यायचा. पाटाच्या रागाला विचारतो कोण!

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात वसुधा एक दिवस चेहरा पाडून घरी आली. कॉलेजच्या मुलांना शिकवायचं आणि त्याबदल्यात फी माफ, अशी तिची व्यवस्था होती. ते काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे तिचे मार्गदर्शक प्रोफेसर हॉफमन ठरवणार होते, आणि त्यासाठी ते गुरुवारी तिचा वर्ग बघायला येणार होते. काम गेलं तर पीएच.डी. अर्धवट टाकून परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"रिपोर्टमध्ये त्यांनी काय लिहिलंय माहितीये? ही नेहमी घाईत असते, डिस्कशनमध्ये इंटरेस्ट नाही," वसुधा म्हणाली. "मी आणि घाईत? मला काही कळतच नाहीये, यार."

लताने तिला चहा दिला आणि गुरुवारी काय शिकवणार ते विचारलं.

"फ्रान्सचा चौदावा लुई. एवढे मोठे सरदार त्याच्या दरबारात तास न् तास उभे का राहायचे, ते. राजाराणीसमोर बिनपाठीच्या साध्या स्टुलावर बसायला मिळावं म्हणून तिथल्या बायका जीव टाकायच्या. पण मुलं नुसती हसतात, त्यांना पटतच नाही."

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. टेलिफोन जमिनीवर गेला, ओल्या फडक्याने मला पुसलं गेलं, आणि गुरुवारी कॅम्पसच्या बसमधून मी वर्गात निघालो. जन्मभर लोकांना बसवून घेतलेला मी त्या दिवशी वसुधाच्या मांडीवर बसलो होतो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वर्गातल्या सगळ्या खुर्च्या तिने भिंतीशी लावल्या. एक तेवढी मध्ये ठेवून तिच्यावर ग्रेग नावाच्या लाजऱ्या मुलाला राजा म्हणून बसवलं आणि त्याच्यासमोर मला मांडलं. नियम एकच. राजासमोर सगळ्यांनी उभं राहायचं. राजाची मर्जी होईल त्या एकाने पाटावर बसायचं. एवढं सांगून ती फ्रान्सचा इतिहास शिकवू लागली.

पहिली दहा मिनिटं खिदळण्यात गेली. मग पाय अवघडू लागले. एका मुलीने राजाच्या स्वेटरची तारीफ केली. एका दांडगट खेळाडूने त्याला आपल्या हाताने सोडा आणून दिला. ज्या पोराकडे एरवी कोणी ढुंकून बघत नसे, त्याच्या भुवईकडे आता वीस जण डोळे लावून होते. माझी तर चंगळ होती. इतका भाव मला चिपळुणातही मिळाला नव्हता.

एवढ्यात प्रोफेसर हॉफमन आले. साठीचे गृहस्थ, गुडघा दुखरा. सगळे उभे पाहून तेही भिंतीशी उभे राहिले. वसुधाला घाम फुटला. त्यांना बसा म्हणावं तर खेळ मोडतो, न म्हणावं तर सगळंच मुसळ केरात. ती तशीच बोलत राहिली.

तास संपताना तिने मुलांना विचारलं, "खुर्च्या भिंतीशी रिकाम्या होत्या. तुम्हाला बसायला हात धरून कोणी अडवलं होतं?"

मुलं वळून त्या खुर्च्यांकडे बघू लागली. खुर्चीच्या पाठीला धरून उभे असलेले हॉफमन मात्र गडगडून हसले. "मलाही कोणी अडवलं नव्हतं," ते म्हणाले.

मुलं गेल्यावर ते सरळ येऊन माझ्यावर टेकले. गुडघे हनुवटीला लागले. वसुधा समोर उभीच.

"दोन वर्षं तुम्ही माझ्या खोलीत येता आणि दाराशी उभ्या राहूनच बोलता," ते म्हणाले. "म्हणून तुम्ही नेहमी घाईत असता असं मी लिहिलं. बसत का नाही तुम्ही?"

"सर, तुम्ही बसा म्हणालाच नाहीत," वसुधा म्हणाली. "आमच्याकडे गुरूंनी सांगितल्याशिवाय बसत नाहीत."

बसायला सांगावं लागतं हे हॉफमन यांच्या गावीही नव्हतं. मग तिच्या हाताचा आधार घेऊन ते कसेबसे उठले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बसा."

वसुधा माझ्यावर मांडी घालून बसली. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मी बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा, सर."

त्या दिवशी दोघं दोन तास बोलत बसले. तिचं काम टिकलं, पीएच.डी.ही झाली. मी अजून तिच्याकडेच आहे आणि लता आली की आधी चपला काढते.

मित्रांनो, मला कधी कधी तेल लावून पुसा, एवढं तर कराच. आणि तुमच्या दारात कोणी उभं असेल, तर खुर्च्या रिकाम्या दिसतायत म्हणून गप्प राहू नका. तोंडाने बसा म्हणा.