आप्पा कुटं वाचत्यात?

शाळेतून बोलावणं आलं तेव्हाच शिवलीलानं ओळखलं, काहीतरी बिघडलंय. पोराचं कौतुक करायला कुठली शाळा आईला बोलावते?

वर्गाच्या वैजयंतीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उलट खुर्ची देऊन म्हणाल्या, "तुमचा बसू हुशार आहे हो." यानंतर 'पण' येणार, हे शिवलीलाला ठाऊक होतं. आलाच. "पण वाचत नाही. पुस्तक पुढं केलं की त्याला तहान लागते, नाहीतर पोट दुखतं. आणि पाचवीला आता पुढं ढकलत नाहीत. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर वर्ग तोच."

"एकटा बसूच हाय का असा?"

"एकटा असता तर त्याची दृष्ट काढली असती मी," बाई म्हणाल्या. "पोरींना पुस्तकं पुरत नाहीत आणि पोरांच्या हातात टिकत नाहीत. एक सर होते, त्यांची बदली झाली. आता सगळ्या आम्ही बायकाच. शाळेत पुरुष म्हणायला भिंतीवरचे फोटो तेवढे! शनिवारी वाचनाचा तास असतो, त्याला आयाच येतात. एखाद्या वेळी त्याच्या वडिलांना पाठवा की."

कुंभारी गावच्या रस्त्यानं घरी येताना शिवलीलाच्या डोळ्यांपुढून मोठ्या जावेचा पोरगा शरणबसव हलेना. तोही वाचायची वेळ आली की असाच पाणी प्यायला जायचा. जायचा जायचा, आणि एक दिवस शाळेत परत आलाच नाही. आता टॉवेलच्या कारखान्यात हेल्पर आहे, आणि मोबाईलवर काही आलं की शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो.

बसू दारात सायकलचा जुना टायर पळवत होता.

"का रं, वाचत का न्हाईस?"

"ते बायकांचं काम हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? बाई वाचत्यात. पोरी वाचत्यात. तू वाचतीस. आप्पा कुटं वाचत्यात?" टायर पुढं पळाला, त्याच्यामागं बसू.

शिवलीला तिथंच उभी राहिली. पोरगं खोटं बोललं असतं तर चार शब्द सुनावता आले असते.

लाईटबिल तीच वाचायची. औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, मोबाईलवरचा मेसेज, सगळं तीच. नवरा, मल्लिनाथ, नुसता हात लांबवायचा, "बघ गं काय म्हणतंय ते." तो शिकला अक्कलकोटकडच्या गावात, कन्नड शाळेत. कन्नड तो घडाघडा वाचायचा, मराठी मात्र अंधारात पायरी चाचपडावी तशी. लग्नानंतर एकदा पाहुण्यांसमोर पत्रिका वाचताना तो अडला, तेव्हा तिनं पटकन ती हातातून घेतली आणि वाचून टाकली. त्याची लाज राखायला घेतलेली पत्रिका, ती पुन्हा त्याच्या हातात गेलीच नाही. आणि खोटं कशाला सांगा, तिलाही ते आवडायचं. सासरच्या घरात एवढं एकच खातं तिच्याकडं होतं.

कारखान्यात रात्रपाळीला निघालेल्या मल्लिनाथला तिनं शनिवारचं सांगितलं, तर तो चप्पल घालता घालता थांबला.

"मी? पोरांम्होरं? अगं, इज्जत जाईल की!"

"आन् पोरगं हातचं गेलं मग?"

तो दुसरी चप्पल घालून बाहेर पडला आणि गाडीला किक मारून गेला.

शनिवारी शिवलीला वर्गात मागं, इतर आयांच्या ओळीत बसली. मल्लिनाथची रात्रपाळी कधीच सुटली असणार. गाडीचा आवाज आला की तिची मान दाराकडं वळायची, आणि तिच्या आधी बसूची. न्हाई येत. आला तरी पंचाईत, न्हाई आला तरी पंचाईत.

आला. केसांत सुताचा भुसा तसाच, डोळे जागरणानं लाल. सगळी पोरं वळून बघायला लागली. बाईंनी गाढवाच्या गोष्टीचं पुस्तक दिलं. मल्लिनाथनं ते दोन्ही हातांनी धरलं, तान्हं बाळ धरावं तसं, आणि सुरू केलं. एकेक अक्षर, बोट ठेवून. बसूनं मान खाली घातली होती, पण कान लाल झाले होते. गाढव बाजारात पोचलं. कुंभार ओरडला. मग एका जोडाक्षरापाशी मल्लिनाथचं बोट थांबलं.

त्याचे ओठ हलत होते, अक्षर लागत होतं, अगदी लागत आलं होतं...

"आश्चर्यानं!" शिवलीला मागून बोलली.

तिनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द सुटून गेला होता. आधी पोरी हसल्या, मग सगळा वर्ग. पुढच्या ओळीतला श्रीमंत नावाचा पोरगा ओरडला, "बसूच्या आप्पाला बसूची आई शिकवती!" बसू उठला आणि पाण्याला गेला. मल्लिनाथनं तेवढं पान संपवलं, पुस्तक बाईंच्या हातात दिलं आणि झोपायला म्हणून घरी निघून गेला.

त्या दिवशी बसूचा टायर कोपऱ्यातच पडून राहिला.

संध्याकाळी शिवलीला भाकरी थापत होती. मल्लिनाथचा मोबाईल वाजला. सवयीनं त्यानं हात लांबवला, "बघ गं, मुकादमाचं दिसतंय."

तिचे हात तेव्हा मोकळेच होते. भाकरी तव्यावर पडली होती, बोटं पदराला पुसून झाली होती. तिनं हात पुन्हा पिठात घातले, मनगटापर्यंत.

"माजं हात भरल्यात. तुमीच बघा."

मल्लिनाथनं तिच्या हातांकडं पाहिलं. मग परातीकडं. मग तो बसूकडं वळला. "बसू, बा इल्ली, हिकडं ये. मला एकट्याला न्हाई लागायचं."

बसू जागचा हलला नाही. "काय हाय?"

"कारखान्याचं. सुट्टीबिट्टी असंल."

सुट्टी म्हटल्यावर तो सरकला. दोन डोकी मोबाईलवर वाकली. "मं-ग-ळ-वा-री," मल्लिनाथ बोट ठेवून म्हणाला. "लाईट," बसू म्हणाला, आणि पुढं अडला. बापही अडला.

शिवलीलाच्या जिभेवर पुढचा शब्द आलाच होता. न बघताही तिला कळलं होतं. तिनं ओठ मिटून घेतले.

"न... नस... आप्पा, बोट काढा की, दिसत न्हाई!"

तव्यावरून करपल्याचा वास आला. हात पिठातून काढला तर शब्दही सुटेल, असं तिला वाटलं. ती तशीच बसून राहिली, आणि भाकरी काळी होऊ दिली.