अल्कोहोलची रांग

रेक्याविकमधल्या त्या प्रयोगशाळेत पुढच्या वर्षी एकाच अर्काचं काम चालू राहणार होतं. ते आपलं असावं, एवढीच ब्रिन्याची इच्छा होती. सहा वर्षं ती अँजेलिका या औषधी वनस्पतीच्या मुळाचा अर्क घेऊन बसली होती. माणसाच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींना जंतूंचे तुकडे दिले की त्या दाहाचे निरोप सोडतात. हे निरोप कोणती वनस्पती थोपवते, हा तिथला शोध. ब्रिन्याचं मूळ ते थोडेफार थोपवायचं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या स्वावाचं डोंगरगवत, नावाला गवत, जातीनं दगडफूल, ते जवळजवळ बंदच पाडायचं.

प्रमुख ओर्न पूर्वी कोट अडकवून आधी ब्रिन्याच्या टेबलाशी यायचा. आता तो तिच्या पाठीमागून स्वावाकडे जायचा. जाताना ब्रिन्याला हसून मान हलवायचा, ते तिला जास्त लागायचं.

शुक्रवारच्या बैठकीत निवड होणार होती. त्याआधी स्वावानं निकाल भिंतीवर लावले. ब्रिन्यानं ते दोनदा पाहिले. गवताचा अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवलेला होता, पण नुसतं अल्कोहोल दिलेल्या पेशींची रांग कुठेच नव्हती. पेशी कदाचित गवतानं नव्हे, अल्कोहोलनंच गप्प झाल्या असतील. झिंगलेला माणूस तक्रार करत नाही. ब्रिन्या कुणाला काही बोलली नाही. ती रांग आपणच करायची आणि बैठकीत सगळ्यांदेखत मांडायची, असं तिनं ठरवलं.

गुरुवारी दुपारी, पेशी वाढवलेल्या छोट्या खळग्यांच्या पाटीत रंग चढला. जितका पिवळा, तितका दाह. नुसत्या अल्कोहोलची रांग गडद पिवळी झाली. गवताची फिकी राहिली, आणि तिच्यातल्या पेशी ठणठणीत जिवंत होत्या. म्हणजे गवत खरं होतं.

पाटी कचऱ्यात टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. ब्रिन्या ती हातात धरून उभी असताना स्वावा आत आली. तिनं पाटीवरच्या खुणा वाचल्या आणि खुर्चीवर बसली.

"ही रांग मी विसरले होते," ती म्हणाली. "आठवल्यावरही करायची हिंमतच होईना. तू माझ्यासाठी केलीस?"

"नाही. तुला पाडायला केली."

स्वावानं पाटी तिच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली. "मग बरंच झालं," ती म्हणाली. "मी केली असती तर तूच पहिली शंका काढली असतीस."

शुक्रवारी गवताची निवड झाली. पाटी ब्रिन्यानंच मांडली. मांडताना तिचा आवाज नेहमीसारखा होता. इतका चोख पुरावा आपल्याकडे बऱ्याच दिवसांत आला नव्हता, असं ओर्न म्हणाला.

पुढच्या आठवड्यात स्वावानं लेखाचा मसुदा तिच्या टेबलावर ठेवला. लेखकांत ब्रिन्याचं नाव दुसरं होतं.

"माझं काढ," ब्रिन्या म्हणाली.

"का गं? काम तुझं आहे."

"नाव राहिलं तर लोक माझं अभिनंदन करायला येतील."

स्वावानं नाव काढलं नाही. लोक आले. ब्रिन्यानं प्रत्येकाला धन्यवाद दिले.