टाकी भरलेली, दिवा लागलेला

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. मी एका जुन्या मोटारीच्या पोटात राहणारा, बाटलीच्या बुचाएवढा प्लास्टिकचा फ्लोट आहे. मोटारीची पुढची काच धुवायला पाणी लागते ना, त्या पाण्याच्या टाकीत माझा मुक्काम. काम म्हणाल तर एकच, तरंगायचे. आणि मला तेवढेही जमले नाही, त्या दिवसांची ही हकिगत आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो, तशी माझ्या पोटात लोहचुंबकाची चकती बसवली आणि मला एका दांडीत ओवले. तपासणीवरच्या बाईंनी मला पाण्यात बुडवून सोडले. मी टुणकन वर आलो. "हा पास," त्या म्हणाल्या. पुढे बारा वर्षे कुणी माझ्याबद्दल बरा शब्द काढला नाही, म्हणून तेवढे कौतुक मी पुरवून पुरवून वापरले.

माझ्या कामाची रीत सोपी आहे. टाकीत पाणी असले की मी वर. पाणी संपत आले की मी दांडीवरून खाली उतरतो, माझ्या चुंबकामुळे आतला खटका जुळतो आणि चालकासमोर पिवळा दिवा लागतो. दिव्याला स्वतःचे डोळे नाहीत. मी सांगेन तेच तो बोलतो.

आमच्या मालकीणबाई शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. सगळी गल्ली त्यांना लॅबबाई म्हणे. यजमान गेल्यावर गाडी विकतील असे लोकांना वाटले होते, पण त्यांनी साठाव्या वर्षी चालवायला शिकून सगळ्यांची तोंडे बंद केली. दर शनिवारी त्या गावाबाहेर टेकडीवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे जात. ताईंचे हात थरथरत, त्यांना स्वतःचे केस धुता येत नसत. तिकडे बस जात नाही. लॅबबाई जात, ताईंचे केस धुऊन विंचरून देत आणि उजेड असेतो परत येत. आठवड्यातली ती एकच फेरी त्या कधी चुकवत नसत.

त्यांना काही वाया गेलेले खपत नसे. न्हाणीतल्या साबणाच्या चिपट्या त्या डब्यात साठवत, बोअरच्या पाण्यात विरघळवत, फडक्यातून गाळत आणि मोजपात्राने मोजून माझ्या टाकीत ओतत. बाजारातले निळे पाणी कशाला विकत घ्यायचे? मलाही तेव्हा हे हुशारीचे वाटले होते.

पण त्या पाण्यात हळूहळू पांढरा साका धरू लागला. आधी दांडीवर, मग माझ्या अंगावर. एके दिवशी पाणी संपले, मी खाली उतरलो आणि इमानाने दिवा लावला. लॅबबाईंनी लगेच टाकी भरली. पाणी माझ्या डोक्यावरून वर गेले, पण मी जागचा हलेना! जोर लावला, कुरकुरलो, साका माझ्याहून चिवट. मी पुरता पाण्याखाली, आणि तिकडे दिवा माझ्याच नावाने सांगतोय की पाणी नाही. मित्रांनो, असा संताप मला कधी आला नव्हता.

टाकीतून काचेपर्यंत एक नळी जाते. तिच्यातून मला सगळे बोलणे ऐकू येते. रविवारी लॅबबाईंचा मुलगा आला.

"आई, काचेचं पाणी संपलंय. भरायचं विसरलीस."

"कालच भरलं की रे."

"मग हा दिवा का लागलाय? परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. आता हे."

चष्म्याचा आणि माझा काय संबंध?  दुसऱ्या दिवशी लॅबबाई गाडी घेऊन गॅरेजात गेल्या. वाटेत धूळ फार, म्हणून दोन-तीनदा काच धुतली. गॅरेजवाला मुलाचा वर्गमित्र. त्याने माझ्या दांडीचा प्लग काढला, दिवा विझला. परत लावला, दिवा लागला.

"वायर ठणठणीत आहे, काकू. दिवापण. पाणीच कमी असणार."

"अरे, काठोकाठ भरलंय मी."

त्याने झाकण उघडून वरून डोकावले. टाकीचे नळकांडे लांब, अरुंद आणि काळोखे. पाणी त्याच्या जरा खाली गेलेले. "दिसत तर नाही काही," तो म्हणाला. "वय झालं की होतं असं. माझ्या आईचंही तेच." आणि बाई गाडीत बसायच्या आत त्याने मुलाला फोनही लावला.

बॅटरीचा उजेड तर पाड! काडी तर घाल! मी आतून किती ओरडलो. पण बुडालेल्याचे कोण ऐकतो?

घरी येऊन लॅबबाईंनी पाणी ओतले. पेलाभर गेले नाही तोच टाकी भरून वाहिली आणि त्यांच्या चपला भिजल्या. मला वाटले, झाले, आता उलगडा होणार. पण त्या बोनेटला हात टेकून उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या, "म्हणजे भरलेली होती? की मगाशीच भरून मी परत ओततेय?"

इतकी वर्षे थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी बाई, आणि मी तिला स्वतःच्याच हातावर संशय घ्यायला लावला. त्या दिवसापासून त्या झाकणाजवळ चिठ्ठ्या चिकटवू लागल्या. "मंगळवार, भरली." "गुरुवार, पाहिली, भरलेली आहे." शनिवारी सकाळी मुलगा आला आणि त्याने त्या चिठ्ठ्या वाचल्या. आवाज त्याने मऊच ठेवला होता, म्हणून जास्त लागला.

"आई, आठवत नाही म्हणूनच चिठ्ठ्या लावतेस ना? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन येऊ. आणि किल्ली माझ्याकडे दे. मावशीकडे मी नेत जाईन. जमेल तेव्हा."

जमेल तेव्हा! ताईंचे केस जमेल तेव्हा धुतले जाणार होते.

 लॅबबाई घरात गेल्या आणि बादली व मोजपात्र घेऊन आल्या.

"किल्ली देते. पण आधी टाकी रिकामी करून मोजायची. मी ओतते, आकडा तू वाच. माझ्यावर विश्वास नाही ना, मग पात्रावर ठेव."

"आई, कशाला उगाच?"

"वाच म्हटलं ना."

त्यांनी टाकीची खालची नळी ओढून काढली. पाणी बादलीत आले. अर्धा लिटर, एक, दीड... मुलाचा आवाज प्रत्येक आकड्याला बारीक होत गेला. "तीन लिटर," तो शेवटी म्हणाला. "टाकी तर तीनचीच आहे. म्हणजे दिवा..."

लॅबबाईंचे तिकडे लक्ष नव्हते. बादलीच्या तळाशी पांढऱ्या गुठळ्या बसल्या होत्या. त्यांनी एक चिमटीत धरली, चोळली, हुंगली. मग दांडी फिरवून बाहेर काढली. कारखान्यानंतर मी पहिल्यांदा ऊन पाहिले. माझ्या अंगावर साक्याचा हा एवढा थर.

"अगं बाई! दुष्फेन!"

"काय?"

"जड पाणी रे, बोअरचं. पुस्तकात दुष्फेन म्हणतात. त्यात साबण घातला की फेस कमी आणि साकाच जास्त. दरवर्षी हा प्रयोग मी मुलांसमोर मांडून ठेवायची, आणि घरी स्वतःच्या हाताने हेच करून बसले!" आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "चूक माझीच आहे. ऐकलंस का? मी चुकले रे, चुकले! विसरले नव्हते!"

मित्रांनो, चूक सापडल्यावर एवढे आनंदलेले माणूस मी दुसरे पाहिले नाही.

मग त्यांनी मला कोमट पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले. मुलगा स्वतःहून दुकानात गेला आणि निळ्या पाण्याची बाटली घेऊन आला. टाकी भरली. मी वर, आणखी वर, थेट दांडीच्या टोकाला! दिवा विझला.

"मी काळजीपोटीच म्हणत होतो गं," मुलगा म्हणाला.

"काळजी कर की. पण मोजायचं तर माझ्याबरोबर मोज, माझ्या पाठीमागे नको." त्यांनी किल्ली फिरवली. "सरक आता. ताईचं पाणी तापलं असेल."

मित्रांनो, माझ्या तक्रारी खूप आहेत. मला वर्षातून एकदा धुवा, माझ्या टाकीत साबण घालू नका, एवढे तर कराच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. घरातले वयस्क माणूस "मी भरलंय" असे म्हणत असेल आणि समोर दिवा लागलेला असेल, तर त्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी टाकीत काडी घालून बघा. मी बारा वर्षांत एकदाच खोटे बोललो, आणि सगळ्यांनी माझ्यावरच विश्वास ठेवला.